हवाल्यांना वाट हवी

ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या विम या मजकूर-संपादकाची मार्गदर्शिका साध्या मजकुराच्या फाइलींत आहे, म्हणून ती तशीच राहावी आणि तिचे दुवेयुक्त पीडीएफ करणे हा निव्वळ बाह्य शृंगार होय, असा एक पक्ष मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. साधा मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो आणि दोन आवृत्त्यांतील भेद त्यात ओळवार तपासता येतो, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण मूळ फाइल हेच अस्सल दफ्तर आणि पीडीएफ ही त्याची नक्कल, दुरुस्ती व्हायची ती अस्सलातच, एवढी शिस्त पाळली की या आक्षेपाला काही आधार उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विमच्या आत मार्गदर्शिकेतील परस्पर-हवाले जिवंतच आहेत, शब्दावर कर्सर नेऊन कंट्रोलसह उजवा चौकटी कंस दाबला की वाचक इष्ट स्थळी पोहोचतो, मग निराळा खटाटोप कशाला? परंतु ज्या नवशिक्याला संपादकातून बाहेर पडण्याची आज्ञाही अद्याप अवगत नाही, त्याने संपादक शिकण्यासाठी त्याच संपादकाच्या आत शिरून वाचावे, ही अट मला अन्याय्य वाटते. त्याला मार्गदर्शिका शेजारच्या पडद्यावर, प्रवासात, किंवा कागदावर पृष्ठांकांसह हवी असते.

शिवाय रूपांतर करणारा पदरचे काहीच घालत नाही. दोन तारांकनांमधील शब्द म्हणजे मुक्कामाचे नाव आणि दोन उभ्या रेघांमधील शब्द म्हणजे त्या मुक्कामाचा हवाला, ही खूण मूळ लेखकानेच प्रत्येक पानावर करून ठेवली आहे. पीडीएफमधील दुवा हा त्याच्याच हेतूची अंमलबजावणी होय. हे काम मात्र आंधळ्या शब्दबदलाने साधत नाही. उभी रेघ आणि तारांकन या विमच्या स्वतःच्या आज्ञाही आहेत (म्हणूनच त्यांच्या मुक्कामांना चिन्हांऐवजी 'बार' आणि 'स्टार' ही अक्षरी नावे द्यावी लागली), आणि उदाहरणादाखल दिलेल्या आज्ञावलीतील रेघा दुवे समजल्या तर मजकुरात खोट्या वाटा फुटतात. यास्तव पहिल्या फेरीत सर्व मुक्कामांची फेरिस्त करावी, उदाहरणांचे परिच्छेद वगळावेत, आणि दुसऱ्या फेरीत फेरिस्तीत सापडेल तेवढाच हवाला जोडावा.

याच फेरीत असा एक लाभ पदरी पडतो, ज्याची आक्षेपक दखलच घेत नाहीत. विमची मुक्काम-सूची बनवणारी आज्ञा एकच नाव दोनदा आल्यास तक्रार करते, पण ज्या हवाल्याला मुक्कामच नाही त्याविषयी ती मौन पाळते. रूपांतराच्या दुसऱ्या फेरीत असे निराधार हवाले आपोआप वेगळे पडतात आणि त्यांची यादी मूळ फाइलींच्या दुरुस्तीसाठी परत पाठवता येते.

तक्ते मोडू नयेत म्हणून समान रुंदीचाच टंक वापरावा, आणि कोणती नक्कल कोणत्या अस्सलाची हा संभ्रम टळावा यासाठी प्रत्येक पानाच्या माथ्यावर मूळ फाइलीचे नाव व आवृत्ती छापावी.