श्वासाचा हिशेब

उत्तर अमेरिकेच्या थंड गुहांमध्ये हिवाळाभर लहान तपकिरी वटवाघळे छताला लटकून असतात. एकेकाचे वजन जेमतेम दहा ग्रॅमच्या आसपास. बाहेर बर्फ पडलेला, खायला एकही किडा नाही. मग पाच-सहा महिने जगायचे कशावर? शरद ऋतूत अंगात साठवलेल्या चिमूटभर चरबीवर.

अल्लाहने या इवल्या जिवाला काटकसरीची अजब रीत शिकवली आहे. जागेपणी मिनिटाला शेकडो ठोके देणारे हृदय वीसएक ठोक्यांवर येते. शरीर गुहेइतकेच थंड पडते. श्वास तर सलग चालतच नाही. चार-दोन श्वास, मग दीर्घ विराम, कधी अर्ध्या तासाहूनही अधिक. ऑक्सिजनचा खर्च जागेपणीच्या शंभरातल्या एक-दोन भागांवर उतरतो.

मात्र दोन-तीन आठवड्यांनी ते जागे होते, चरबी जाळून अंग तापवते, पाणी पिते आणि पुन्हा निजते. हिवाळ्यातल्या चरबीचा मोठा भाग या थोड्या तासांतच संपतो. म्हणजे झोपणे स्वस्त, जागे होणे महाग!

2006 साली न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीजवळच्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळे दिसली. ही बुरशी थंडीतच वाढते. तिच्यामुळे ती वारंवार जागी होतात, वसंत येण्यापूर्वीच शिदोरी संपते आणि उपासमारीने मरतात. या रोगाने तिथे लाखो वटवाघळे गेली. त्यानंतर अनेक गुहा माणसांसाठी बंद करण्यात आल्या.

आपल्याकडच्या वडा-पिंपळावरची मोठी फळखाऊ वटवाघळे अशी हिवाळी झोप घेत नाहीत. पण दिवस हीच त्यांची रात्र. कोणी गंमत म्हणून दगड मारला, फटाका फोडला की सगळा थवा भर उन्हात उडतो आणि राखून ठेवलेली ताकद वाया जाते. उन्हाळ्यात तर काही माद्यांच्या छातीशी पिल्ले बिलगलेली असतात.

वटवाघळाला हात लावू नये, त्याने उष्टावलेले फळ खाऊ नये, ही खबरदारी घ्यायलाच हवी. पण खबरदारी म्हणजे छळ नव्हे. मुक्या जिवांवर रहम करणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. आपल्या मुलांना एवढे जरूर सांगा: तो झाडावरचा जीव आळशी नाही. निर्मात्याने मोजून दिलेली शिदोरी तो जपून वापरतो आहे. त्याची झोप मोडू नका.