शिकण्याची जागा आपलाच दवाखाना

सरकारी आरोग्यसेवेत प्रशिक्षणांना तोटा नाही. आशा, परिचारिका, डॉक्टर सभागृहात बसतात, पडद्यावरची माहिती पाहतात, प्रमाणपत्र घेऊन परततात. दुसऱ्या दिवशी दवाखाना पूर्वीसारखाच चालतो, कारण तिथे चर्चिलेले प्रश्न दुसऱ्याचे असतात. माझ्या मते आरोग्य कर्मचाऱ्याचे आयुष्यभराचे शिक्षण कामाच्या जागीच होते आणि ते स्वतःला पडलेल्या प्रश्नापासून सुरू होते.

भोरहून वरंधा घाट उतरला की याचा दाखला मिळतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा विंचूदंशाने माणसे दगावत होती. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचते, हे त्यांतून उलगडले. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि ३० ते ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले.

हे एका जिद्दी डॉक्टरचे काम. तेच सर्वांनी मिळून केले की त्याला सहभागी कृती-संशोधन म्हणतात. नाव जड, रीत सोपी: ज्यांचा प्रश्न त्यांनीच मांडायचा, नोंदी ठेवायच्या, एक बदल करायचा, फरक पडला का ते पाहायचे. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. लोकांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले, जनसुनवाईत जाब विचारला. ते गरजेचेच होते. आता कर्मचाऱ्यांनीही लोकांसोबत बसून प्रश्न विचारायला हवेत.

भोर-वेल्ह्यात असा प्रश्न सर्पदंशाचा आहे. भातलावणीत साप चावला, तर लस टोचेपर्यंत किती वेळ जातो? तो कुठे जातो: मांत्रिकाकडे, गाडी शोधण्यात, की एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठवण्यात? पुण्याहून आलेल्या व्याख्यात्याला हे ठाऊक नसते. आशाताई, रुग्णवाहिकेचा चालक, रात्रपाळीची परिचारिका आणि नातेवाईक यांच्याकडे उत्तराचा एकेक तुकडा असतो. मासिक बैठकीचा वेळ तक्ते भरण्यात जातो. त्यातला एक तास या चौघांना एकत्र बसवण्यासाठी द्यावा. एक वही, एक प्रश्न, पावसाळ्याचे चार महिने.

अटी दोन. आशांना कामागणिक पैसे मिळतात, तेव्हा या तासाचाही मोबदला हवा. आणि वहीतल्या नोंदीवरून कुणालाही मेमो जाता कामा नये. खरे लिहिल्याची शिक्षा होते हे एकदा कळले, की वह्या कोऱ्या राहतात किंवा खोट्या भरतात. तसे झाले तर उशीर नेमका कुठे होतो, हे पुढच्या पावसाळ्यातही कुणाला कळणार नाही.