शुल्कमाफीचा हिशेब कोण देणार?

मदत जाहीर होणे आणि मदत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राला 1896च्या दुष्काळाने शिकविले. दुष्काळात साऱ्याची सूट द्यावी, कामे काढावीत, अशी तरतूद खुद्द इंग्रज सरकारच्या संहितेत होती. रयतेला मात्र तिचा पत्ता नव्हता. लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभेने ती संहिता मराठीतून गावोगाव पोहोचविली. ही भीक नव्हे, हक्क आहे, एवढेच लोकांना सांगितले. सरकारला ते इतके झोंबले की 1897 मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली गेली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून 2021च्या अखेरीस, राज्याचे तत्कालीन उच्च व तंत्रशिक्षणमंत्री उदय सामंत यांनी अकृषी विद्यापीठांतील व संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना शुल्कसवलत जाहीर केली. ज्यांचे पालक कोरोनाने हिरावले, त्यांना शुल्कमाफी. इतरांना, न वापरलेल्या जिमखान्यासारख्या बाबींच्या शुल्कात सूट. निर्णय योग्यच होता. त्याचे स्वागत सर्वांनी केले, आम्हीही केले. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. किती विद्यार्थ्यांनी अर्ज केले, किती मंजूर झाले, किती नाकारले गेले व कोणत्या कारणाने, आणि एकूण किती रुपयांचा भार कोणी उचलला? विद्यापीठागणिक, महाविद्यालयागणिक हा तक्ता सामान्य पालकाला सहज वाचता येईल अशा जागी लावला गेला पाहिजे होता. सवलतीचे परिपत्रक काढले की कर्तव्य संपले, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेची जुनी सवय आहे.

मी राहतो त्या वर्सोव्याचेच पाहा. येथे मत्स्यशिक्षणाचे केंद्रीय अभिमत विद्यापीठ आहे, पण तेथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. कोळीवाड्यातील मुले बी.कॉम.साठी अंधेरी-पार्ल्याचीच वाट धरतात. मार्च 2020च्या अखेरीस टाळेबंदी आली. ती सैल होते न होते तोच 3 जूनचे निसर्ग वादळ, मग पावसाळी मासेमारीबंदी, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. ज्या घरातील कर्ता माणूस वाचला पण होडी किनाऱ्याला पडून राहिली, त्या घरातील मुलगी कोणत्या रकान्यात बसते? पालक गेलेला नाही, म्हणून पूर्ण माफी नाही. उत्पन्नाचा दाखला मागावा, तर तो सरलेल्या वर्षाची कमाई सांगतो, बुडालेल्या हंगामाची नव्हे. अशी किती मुले दाराबाहेर राहिली, हे नाकारलेल्या अर्जांच्या आकड्यावरूनच कळू शकते. म्हणूनच मंजुरीच्या आकड्याइतकाच नकाराचा आकडा मोलाचा असतो. तो सांगण्याची हौस मात्र कोणत्याच कार्यालयाला नसते.

शासनाने आम्हाला पैसे दिले नाहीत, आम्ही आमचेच उत्पन्न सोडले, मग हिशेब कसला, असा युक्तिवाद संस्थाचालक करतात. खरे तर हिशेबाची गरज याचमुळे वाढते. रोख मदत दिली की धनादेश असतो, पावती असते. न घेतलेल्या शुल्काची पावती नसते. ते घेतले नाही की आधी घेऊन परत केले नाही, हे बाहेरच्याला समजण्याचा मार्ग नसतो. शिवाय विनाअनुदानित महाविद्यालयाने सोडलेली रक्कम कोठून भरून काढली? तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या मानधनातून तर नव्हे?

आणि पैसे नव्हतेच, हेही पूर्ण खरे नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या शुल्कपत्रकांत विद्यार्थी कल्याण, कुलगुरू निधी यांच्या शेजारी ‘आपत्ती मदत निधी’ अशी नोंद असते. रक्कम किरकोळ, 10 रुपये. पण लाखो विद्यार्थी ती भरतात. शतकात एकदा यावी अशी आपत्ती आली, तेव्हा या निधीचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार तो भरणाऱ्याला नाही काय?

अमेरिकेचे गोडवे गाणे हा आमचा व्यवसाय नव्हे. तेथेही गोंधळ झाला. अब्जावधींची गंगाजळी बाळगणाऱ्या हार्वर्डला सरकारी मदत मंजूर झाली, आणि टीकेचा भडिमार झाल्यावर एप्रिल 2020 मध्ये तिने ती नाकारली. पण त्याच मार्च 2020च्या कायद्याखाली उच्चशिक्षणासाठी सुमारे 14 अब्ज डॉलर ठेवले गेले, संस्थांना थेट मिळणाऱ्या रकमेचा किमान निम्मा भाग विद्यार्थ्यांच्या हाती रोख देण्याचे बंधन आले, आणि प्रत्येक संस्थेने किती विद्यार्थी पात्र, किती लाभार्थी, निवड कोणत्या निकषावर, हे आपल्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीने मांडावे, असा दंडक घातला गेला. हार्वर्डवर टीका होऊ शकली तीही आकडे लोकांपुढे होते म्हणूनच.

आकडे मागितल्याने काय होते, याचा अनुभव आपल्याकडेही आहे. कोरोनाने मृत झालेल्यांच्या वारसांना 50,000 रुपये द्यावयाचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांकडे हिशेब मागितला, तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये उघड झाले की महाराष्ट्रात लाखाहून अधिक मृत्यूंची नोंद असूनही अर्ज 37,000च्या घरात आले होते आणि भरपाई एकालाही मिळाली नव्हती. न्यायालयाने खडसावल्यावर यंत्रणा हलली. विद्यार्थ्यांच्या शुल्कमाफीसाठीही न्यायालयातच जावयाचे काय?

कायदा नवा नको. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याच्या चौथ्या कलमात अनुदानाच्या योजनांची वाटलेली रक्कम, लाभार्थींचा तपशील आणि सवलती मिळालेल्यांचा तपशील सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करावा, असे लिहिले आहे. केंद्राच्या आधी असा कायदा करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. विनाअनुदानित महाविद्यालये स्वतःला त्यातून वगळू पाहतील. विद्यापीठाला तशी पळवाट नाही, आणि संलग्न महाविद्यालयांकडून माहिती मागविणे त्याच्या अधिकारातच आहे. मुलांची नावे नकोत, आकडे हवेत. 2020-21 आणि 2021-22 या दोन वर्षांचे, महाविद्यालयवार, नाकारलेल्या अर्जांसह, आणि त्यापुढे आपत्ती मदत निधीची जमा व खर्च. विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, त्यावर 10 रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. विद्यार्थ्यांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या भागातील महाविद्यालयापुरता असा एक अर्ज याच महिन्यात टाकावा.