मंडळीचे वडील आणि पगारी उपदेशक

धर्मोपदेश करणाऱ्याने त्याबद्दल द्रव्य घ्यावे की नाही, हा वाद आपल्या मातीला नवा नाही. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, हा तुकोबांचा दंडक वारकरी अजून मानतात, आणि बिदागी आधी ठरवून उभा राहणारा कीर्तनकार कितीही व्युत्पन्न असला तरी त्याच्याविषयी श्रोत्यांच्या मनात थोडी अढी राहतेच. भंडारा जिल्ह्यातील लहानशा ख्रिस्ती समाजापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. मंडळीचा भार तिने आपल्यातून निवडलेल्या वडिलांनी वाहावा, की नेमणुकीने आलेल्या पगारी पाळकावर सर्व सोपवून इतरांनी रविवारी उपासनेपुरते यावे? माझे मत असे की, उपदेशकाने वेतन घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते हे की, वेतन परक्याने द्यावे आणि वडिलांनी त्या वेतनाबरोबर आपले कर्तव्यही उपदेशकाच्या पदरी टाकून मोकळे व्हावे.

शास्त्राधार पाहू गेल्यास तो दोन्ही बाजूंना सापडतो. पौलाने गावोगावच्या मंडळ्यांवर वडील नेमले. करिंथात तो स्वतः तंबू शिवून पोट भरीत असे, आणि इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना त्याने आपल्या कष्टांचा दाखला दिला. परंतु सुवार्ता सांगणाऱ्याने तिच्यावर उपजीविका करावी, असेही तोच लिहितो आणि मळणीच्या बैलाला मुसके न घालण्याचा जुना नियम त्यासाठी पुढे करतो. हा नियम धानाच्या या मुलखात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुसरीकडे, कोणी आजारी पडल्यास मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. वचनाच्या अध्यापनात ज्याचा सारा दिवस जातो त्याने निर्वाहाची अपेक्षा करणे न्याय्य आहे. परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसणे, भांडणे मिटविणे आणि विधवेच्या घरची चूल पेटते की नाही हे पाहणे ही वडिलांची कामे आहेत.

ज्या पंथामार्फत भंडाऱ्यात ही व्यवस्था आली, त्याचा इतिहास येथे मननीय आहे. मंडळीला नको असलेला उपदेशक जमीनदाराने तिच्यावर लादावा की काय, या वादातून १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमध्ये फूट पडली आणि ४७४ पाळकांनी आपली घरे व हक्काची वेतने सोडून फ्री चर्चची स्थापना केली. त्यांच्या निर्वाहासाठी टॉमस चामर्स यांनी सर्व मंडळ्यांच्या वर्गणीतून एक सामाईक निधी उभारला, त्यामुळे गरीब वस्तीतल्या पाळकालाही किमान वेतन मिळू लागले. याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, आणि १८८२ मध्ये भंडाऱ्यास मिशनचे ठाणे झाले. स्वातंत्र्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजणाऱ्यांचीच ही मंडळी. पण इथे मिशनच्या उपदेशकाचा, शिक्षकाचा आणि बायबलबाईचा मुशाहिरा समुद्रापलीकडून येऊ लागला. त्या काळच्या दारिद्र्यात दुसरा उपाय नव्हता, आणि त्या पैशातून शाळा व दवाखाने उभे राहिले, याबद्दल कृतज्ञता हवीच. तथापि नेमणूक, बदली आणि बडतर्फी ज्याच्या हाती, हिशेब त्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे उपदेशकाची नजर मंडळीकडून मिशनच्या दप्तराकडे वळली आणि वडील नावापुरते उरले.

हे शल्य ज्यांना सर्वांत तीव्रतेने जाणवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो लोहमार्ग याच जिल्ह्यातून जातो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे सेवा केली, आणि १९१७ मध्ये ती पगारी सेवा सोडून, संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' स्थापला. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले, परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

यावरून पगारी उपदेशक नकोच, असे अनुमान कोणी काढील, तर तेही चुकेल. बिनपगारी सेवा ज्याच्या घरी धान्याची कोठी भरलेली आहे त्यालाच परवडते, आणि मग मंडळीचे वडीलपण गावच्या पाटीलकीसारखे मातब्बर घराण्यांत वहिवाटीने फिरू लागते. वेतन आहे म्हणूनच मजुराचा बुद्धिमान मुलगा धर्मशास्त्राचा अभ्यास करून व्यासपीठावर उभा राहू शकतो.

या जिल्ह्यातील मालगुजारी तलावांची कथा सर्वांना ठाऊक आहे. कोहळी लोकांनी ते बांधले आणि गावाने ते राखले. परंतु १९५० च्या कायद्याने मालगुजारी जाऊन तलाव सरकारजमा झाल्यावर गाळ काढणे आणि पाळ दुरुस्त करणे हे सरकारचे काम ठरले, आणि तलाव उथळ होत गेले. मंडळीचेही तसेच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि कारभार भारतीयांच्या हाती आला. पण वरून कोणीतरी व्यवस्था करील, ही सवय घटना बदलल्याने जात नाही.

ती मोडण्याचा मार्ग मिझोरामने दाखविला आहे. तिथल्या गृहिणी प्रत्येक वेळच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्या या प्रथेने तिथली मंडळी स्वावलंबी केली. मग भाताच्या भंडाऱ्याला हे अशक्य का असावे? पाळकाच्या वेतनाचा काही अंश तरी स्थानिक मंडळीने दरमहा द्यावा, वर्षाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा, वडिलांची निवड ठरावीक मुदतीने व्हावी आणि तीत स्त्रिया व भूमिहीन घरांतील माणसे असावीत. आणि प्रत्येक वडिलाकडे काही घरे नेमून देऊन त्यांच्या सुखदुःखाचा जाब त्यालाच विचारावा. पाळकाने शिकवावे, वडिलांनी सांभाळावे आणि खर्च सर्वांनी सोसावा. पगार थकला तरी ज्या मंडळीतील आजाऱ्याकडे रात्री कोणीतरी जाईल, तीच मंडळी स्वतःच्या पायांवर उभी आहे, असे मी समजेन.