दम लागला म्हणजे टीबीच असे नाही. दगडाच्या धुळीचाही हिशेब लावा

दगडखाण, खडी क्रशर, सिलिका वाळू, फरशी कटिंग. या कामांवरच्या माणसाला खोकला आणि दम सुरू झाला की आधी टीबीचीच शंका येते. तो सिलिकोसिसही असू शकतो, आणि ही चूक घराला महागात पडते.

फुफ्फुसात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. श्वासातून आत आलेले जंतू आणि कण गिळून त्या सफाई करतात. सिलिकाचा कण मात्र त्यांना पचत नाही. पेशीच फुटते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते आणि तीही मरते. दर वेळी सूज येते, हळूहळू फुफ्फुस कडक होत जाते. म्हणून काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. तो बरा करणारे औषध नाही. सफाईच कमजोर झाल्याने टीबीही लवकर गाठतो.

गारगोटी, ग्रॅनाइट, वाळूखडक यांत सिलिका जास्त. घातक कण डोळ्याला दिसत नाही, रुमालाने अडत नाही. पाणी मारून धूळ जागीच बसवणे हा पहिला उपाय, आणि ती जबाबदारी मालकाची.

राजस्थानने 2019 मध्ये स्वतंत्र धोरण आणून प्रमाणित रुग्णाला 3 लाखांची मदत ठरवली. पण मदत कुठलीही असो, कागदावर आजाराचे नाव लागते. केसपेपरवर नुसते 'टीबी' असेल तर दावा अडतो. त्यामुळे कोणते काम, किती वर्षे केले हे डॉक्टरांना सांगाच. एक्स-रे आणि हजेरीची नोंदही जपून ठेवा.