फ्योर्डकाठी पोळ्या कुणी लाटायच्या?

नाशिकच्या एका वाचकभगिनीचं पत्र आलं आहे. येत्या जूनमध्ये त्यांच्या लग्नाला 25 वर्षं होतील. यजमानांच्या मनात नॉर्वे आहे, तेही सहल कंपनीशिवाय. बर्गनला मोटार भाड्यानं घ्यायची, दोन्ही मुलांना घेऊन नऊ दिवस हिंडायचं, लाकडी कुटीत राहायचं आणि “स्वयंपाक आपला आपण, म्हणजे खर्च निम्मा!” बाईंनी मसाल्यांची यादी मागितली आहे. पण पत्राच्या तळाशी एक ओळ आहे : “मला तिथेही पोळ्याच लाटायच्या आहेत असं दिसतंय.”

यादी देतेच, पण आधी ती ओळ. “आपला आपण” यातला “आपण” कोण, हे तिकिटं काढण्यापूर्वीच चौघांत ठरू द्या. बेत चांगला आहे, त्यात बाईंची सुट्टी मात्र कुठे दिसत नाही.

हॉटेलात जेवणं तिथे फार महाग पडतं, हे यजमानांचं म्हणणं अगदी बरोबर. पण तिथल्या लोकांनी दुपारचा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. शाळेतलं पोर असो की कचेरीतला साहेब, बरोबर ‘मातपाक्के’ असतो, म्हणजे आपला डबाच. ब्रेडचे काप, त्यांवर चीज किंवा काकडी, मध्ये कागद, झालं! सकाळी ज्यानं त्यानं आपापला बांधावा. ‘ब्रुनोस्त’ नावाचं तपकिरी चीज जरूर घ्या. चीज करताना उरलेली निवळी आटवून ते करतात. चव गोडसर, थोडी खव्याची आठवण देणारी. मुलांना आवडेल.

रात्री मऊ खिचडी, उपमा, पिठलं-भात. पोळपाट-लाटणं घरीच राहू द्या, बाई! भाजलेला रवा, मूगडाळ, बेसन, मेतकूट, गोडा मसाला, कोरडी चटणी एवढं पुरे. तूप, खवा, पेढे मात्र बांधू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. लोणी तिथलंच उत्तम मिळतं. फोडणी बेतानं करा. कुटी लाकडाची असते आणि छताला धुराची घंटा; मोहरी जळाली की शेजारपाजार गोळा व्हायचा. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद, तेव्हा बाजार शनिवारीच आटपा.

आता गाडी. बाई लिहितात, त्यांना चालवता येते, पण “हेच चालवतील.” हे मला पटत नाही. तिथे रहदारी उजवीकडून, गिअर उजव्या हाताला, वळणं घाटाची, गावाबाहेर वेगमर्यादा साधारण 80. नऊ दिवस एकाच माणसानं हे करायचं आणि बाकीच्यांनी डोंगर बघायचे, हा न्याय कुठला? दोघांनीही आंतरराष्ट्रीय परवाना काढा. भाड्याच्या करारात दुसऱ्या चालकाचं नाव आधी घालावं लागतं, त्याचे बहुधा जादा पैसे पडतात, ते द्या. आपोआप गिअर बदलणारी गाडी मागा. दिवसाही दिवे लावावेच लागतात. पथकर कॅमेऱ्यानं नोंदला जातो आणि बिल मागाहून येतं, ते हिशेबात धरा. नकाशावरचे दीडशे किलोमीटर म्हणजे बोटीसाठी थांबणं धरून अर्धा दिवस समजा.

आउरलांदहून लार्दालला जायला दोन वाटा आहेत. एक 2000 साली खुला झालेला 24.5 किलोमीटरचा बोगदा, मोटारींसाठीचा जगातला सर्वांत लांब. चालवणाऱ्याला पेंग येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी निळ्या उजेडाच्या गुहा केल्या आहेत. दुसरी डोंगरावरची जुनी वाट, हिवाळ्यात बंद असणारी. जूनमध्येही कडेला बर्फाच्या भिंती असतात. हवा स्वच्छ असेल तर डोंगरानंच जा. वर स्टेगास्टाइनच्या सज्जातून साडेसहाशे मीटर खाली फ्योर्ड दिसतो. पुढे सोग्नेफ्येलचा 1434 मीटर उंचीचा घाट ओलांडून लोम, आणि तिथून गायरांगर. त्रोलस्टिगेनचा प्रसिद्ध घाट 2024 मध्ये दरडींच्या भीतीनं बंद करावा लागला होता. निघण्यापूर्वी चौकशी केल्याशिवाय बेतात धरू नका.

गायरांगरला बोटीतून ‘सात बहिणी’ हा धबधबा दाखवतात. समोरच्या धबधब्याचं नाव ‘मागणी घालणारा’. बहिणी काही त्याला होकार देत नाहीत! पण मला विचाराल तर बघायची ती कड्यावर टांगलेली जुनी शेतघरं. पोरं दरीत पडू नयेत म्हणून त्यांना दोरीनं बांधून ठेवत, असं तिथे सांगतात. त्या बायकांनी पाणी, सरपण, गुरं कशी सांभाळली असतील, देव जाणे. त्यांतल्याच स्कागेफ्लो इथे राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी 1993 साली लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा केला. बाईंनी यजमानांना हे जरूर वाचून दाखवावं.

जूनमध्ये रात्री धड अंधार पडत नाही. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी न्या. कुटीत चादरींचे बहुधा वेगळे पैसे पडतात, म्हणून चार पातळ चादरी घरूनच घ्या. निघताना कुटी आपणच झाडून द्यायची असते. तो केर दोन्ही मुलांकडे द्या.