पहिले दीड फूट

टेकअवे म्हटलं की आपल्याला पार्सल आठवतं. आपल्या बॅचमध्ये क्लाउड किचनवाले भरपूर, त्यामुळे मागच्या व्हिडिओत मी ‘टेकअवे सुधारा’ म्हणालो तेव्हा दोघांनी मला डब्यांच्या पॅकिंगबद्दलच विचारलं. तर आधी खुलासा करतो. मी गोल्फबद्दल बोलत होतो. क्लब बॉलपासून मागे न्यायला सुरुवात होते, तो पहिला दीड-दोन फुटांचा प्रवास, त्याला टेकअवे म्हणतात.

आता गोल्फ कशाला, असं म्हणाल. माझ्या एका बॅचमधला मुलगा भोसरीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क करतो. मोठ्या कस्टमरने त्याला एका रविवारी सकाळी रेंजवर बोलावलं. गेला, चटक लागली. आणि बॉल काही सरळ जाईना. उजवीकडे वळून केळ्यासारखा जायचा. याला स्लाइस म्हणतात, नवशिक्यांचा हा घरचाच आजार आहे. पठ्ठ्याने काय केलं? नवा ड्रायव्हर घेतला. चांगला महागडा. बॉल उजवीकडेच, फक्त आता जास्त लांब.

माझं स्पष्ट मत सांगतो: टेकअवे बघितल्याशिवाय गोल्फवर एक रुपयासुद्धा खर्च करू नका. क्लब नको, ग्लोव्ह नको, टोपीही नको.

कारण साधं आहे. क्लब वर जायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि खाली यायला पाव सेकंद. त्या पाव सेकंदात तुम्ही काहीही ठरवू शकत नाही, विचार पूर्ण व्हायच्या आत बॉल गेलेला असतो. तरी सगळे दुरुस्ती तिथेच करायला जातात, कारण बॉलला मार तिथे बसतो आणि लोक तिथे बघत असतात. टेकअवे मात्र तुम्ही स्तब्ध उभे असताना सुरू होतो. घाई नाही, समोरून बॉल येत नाही, अंगावर कोणी धावून येत नाही. अख्ख्या स्विंगमध्ये तुमच्या हातात असलेली जागा ही एकच.

तिथे चुका मुख्यतः दोन होतात. पहिली, मनगटं वळवून क्लब झटकन अंगामागे ओढणं. क्लबचं तोंड उघडतं, क्लब पाठीमागे अडकतो, आणि मग खाली येताना खांदे पुढे फेकून कसाबसा तो बॉलपर्यंत आणावा लागतो. तोंड उघडं आणि मार बाहेरून आत, झाली स्लाइस तयार. दुसरी चूक म्हणजे कुदळ उचलावी तसा क्लब नुसत्या हातांनी सरळ वर उचलणं. मग बॉलच्या आधी जमिनीला दणका बसतो, नाहीतर बॉलच्या डोक्यावर टप्पल.

बरोबर टेकअवे दिसायला अगदी कंटाळवाणा असतो. दोन खांदे आणि दोन हात यांचा जो त्रिकोण उभं राहताना होतो, तो तसाच ठेवून छाती वळवायची. क्लबचं डोकं पहिला फूटभर जमिनीलगत. हात उजव्या मांडीच्या पुढे आले, क्लबचा दांडा जमिनीला समांतर झाला, की तिथे थांबून बघा. मागून फोनवर व्हिडिओ काढला असेल तर क्लबचं डोकं हातांच्या रेषेत दिसायला हवं. हातांच्या मागे, अंगाकडे गेलेलं दिसलं, तर मनगटांनी घोळ घातलाय. (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.)

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. जिम फ्युरिक बघा. अमेरिकेचा हा खेळाडू क्लब असा वर नेतो आणि वरून असा गोल फिरवून खाली आणतो की कुठलाही कोच डोक्याला हात लावेल. त्याच माणसाने 2003 मध्ये यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये एका फेरीत 58 फटके मारून पीजीए टूरचा विक्रम केला. मग पुस्तकातला टेकअवे कशाला? माझं उत्तर असं, की फ्युरिकचा स्विंग वेडावाकडा असला तरी दर वेळी तोच असतो. लहानपणापासून तोच, शिकवणारे वडीलही तेच. तुम्ही-आम्ही महिन्यातून दोन रविवार जाणार. वेडंवाकडं रोज सारखंच करायला जेवढा सराव लागतो, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. आपल्याला सोपा रस्ताच परवडतो.

आणखी एक गोष्ट. एकदम स्तब्ध अवस्थेतून सुरुवात करणं मोठमोठ्यांनाही जड जातं. बेन होगन क्लब पुढेमागे हलवून मनगटं सैल करायचा, आणि 1957 सालच्या त्याच्या पुस्तकात त्याने या हालचालीला चांगलं महत्त्व दिलंय. गॅरी प्लेअर उजवा गुडघा किंचित आत दाबून सुरुवात करायचा. जॅक निकलॉस हनुवटी थोडी उजवीकडे वळवायचा आणि क्लब जमिनीवर टेकवायचाच नाही, जरा अधांतरी धरायचा. ताठरलेल्या हातांनी सुरुवात केली तर पहिल्या सहा इंचांतच झटका बसतो. तुम्हीही काहीतरी छोटं ठरवून घ्या. रेंजवर बॉलसमोर पुतळ्यासारखे गोठलेले लोक दिसतात ना, त्यांचा पुढचा फटका मी न बघता सांगतो.

आता करायचं काय? सेव्हन आयर्न घ्या, ड्रायव्हर गाडीतच राहू द्या. क्लबच्या डोक्याच्या अगदी मागे दुसरा एक बॉल ठेवा आणि क्लब मागे नेताना तो मागे ढकला. सरळ मागे घरंगळला तर ठीक. तुमच्या पायांकडे आला तर मनगटं ओढताय. जागचा हललाच नाही तर उचलताय. असे वीस वेळा, एकही फटका न मारता. बाजूचे हसतील. बकेटचे पैसे भरलेत आणि हा मारतच नाही, असं त्यांना वाटेल. वाटू द्या.

त्या भोसरीच्या मुलाला मी हेच करायला लावलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून विषय काढला, “सर, माझ्या रेटचंही असंच झालंय का?” झालं होतं. पहिल्या ऑर्डरचा रेट त्याने फोनवर, उभ्या उभ्या सांगितला होता. त्यात गॅस धरला नव्हता आणि रिजेक्ट होऊन परत येणारा मालही नाही. नंतर आठ महिने तो वेबसाइट, नवी गन, सेल्समन असं काय काय घेत होता. सगळं खाली येणाऱ्या पाव सेकंदातलं. आम्ही बसून एका पानावर दर किलोचा खर्च काढला. प्रत्येक किलोमागे तो स्वतःच्या खिशातून घालत होता, आणि बँकेचा हप्ता त्याच खिशातून जात होता.

सेव्हन आयर्न आता बऱ्यापैकी सरळ जाते. ड्रायव्हर अजून उजवीकडेच. नव्या रेटचं पत्र त्याने त्याच कस्टमरला पाठवलंय. उत्तर आलेलं नाही, आणि या रविवारी रेंजवर दोघांची भेट आहे.